प्रस्थानाची पिशवी

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलंच नाही. नवऱ्याने ऑफिसात बसून तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं आणि घरी येऊन बूट काढायच्या आत सांगून टाकलं. "ट्रीटमेंट संपली ना तुझी? डॉक्टर काय म्हणाले, जरा फिरून या. मग!" आणि मी आता टाळ्या पिटणार अशा चेहऱ्याने बघत उभा राहिला. मी म्हटलं, "झकास!" आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. बाई सकाळीच घासून गेली होती. तरी घासली.

मला जायचं नव्हतं. समुद्राशी माझं वाकडं नाही, अख्खा जन्म मुंबईत गेलाय. पण हा समुद्र नुसता बघायचा नव्हता, त्यात उतरायचं होतं. नवरा जेवताना मोबाइलवर तिथले व्हिडिओ दाखवायचा. निळंशार पाणी, तळाची वाळू दिसतेय, मासे फिरतायत आणि कंबरभर पाण्यात बायका उभ्या आहेत. तो म्हणायचा, "मासे बघ, मासे!" मी त्या बायकांचे भिजलेले कपडे बघायचे, आणि ते अंगाला कुठे कुठे चिकटतात ते.

सरळच सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरची निघाली, सगळंच काढावं लागलं. आता तिथे एक लांब व्रण आहे आणि बाकी सपाट. बाहेर जाताना मी सिलिकॉनची लावते. दुकानात तिला भलंमोठं नाव होतं, मी तिला पाहुणी म्हणते. ती असली की ताठ बसायचं, नीट वागायचं आणि ती गेली की हुश्श करायचं. घरात मी तिला लावत नाही. जड आहे, घाम येतो, खाज सुटते. घरात आम्ही तिघंच, मी, नवरा आणि सासूबाई, आणि त्या दोघांना माझं असं असणं आता सवयीचं झालंय. समोरच्या दारातल्या काकूंसमोरही चालतं. पण लिफ्टच्या पलीकडे तिच्याशिवाय मी कधी गेले नव्हते. भाजीवाला खालून कितीही ओरडू दे, आधी पाहुणी, मग पिशवी, मग मी.

ही सिलिकॉनची यायच्या आधी एक मोहरीची होती. जखम ओली असताना डॉक्टर जड काही लावू देईनात, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा कापून गोल पिशवी शिवली आणि आत मोहरी भरली. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात ना, तशी. "हलकी पण आहे आणि वजन पण लागतं," म्हणाल्या. मी ती घालून केमोला जायचे. पुढे पावसाळ्यात ती दमट कपाटात राहिली आणि तिला मोड आले. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या दिवसांत दोन्ही एकाच दमात व्हायचं.

तर अंदमान. मी आधी फाटे फोडून बघितले. "एवढ्या लांब कशाला? मढला जाऊ की, समुद्र तो समुद्रच. संध्याकाळी घरी." नवरा म्हणाला, "मढला शूटिंग बघायला जातात, यार. हे बेट आहे बेट!" मग मी म्हटलं, आईंना एकटं कसं टाकायचं? सासूबाई आतून म्हणाल्या, "मी काय कुकुलं बाळ आहे? जा तुम्ही." झालं, तोही दरवाजा बंद.

मग मी एका दुपारी चाचणी घ्यायची ठरवली. बाथरूमची कडी लावली, पाहुणी लावली, वरून गडद निळा टी-शर्ट घातला आणि मगाने डोक्यावर पाणी ओतत सुटले. उभी होते तोवर ठीक होतं. पण दुसरा मग घ्यायला वाकले आणि पाहुणी सरकत सरकत थेट गळ्याच्या हाडापाशी. आरशात बघितलं तर एक बाजू जागेवर आणि दुसरी बाजू हनुवटीला भेटायला निघालेली. घरच्या मगाने ही गत, तर लाटेने काय होईल? डोळ्यांसमोर सगळं दिसायलाच लागलं. लाट येते, पाहुणी निसटते, तरंगत तरंगत लोकांच्या घोळक्यात जाते आणि तो शिट्टीवाला जीवरक्षक ती हातात उंच धरून ओरडतो, "मॅडम, ये आपका है क्या?"

ती तरंगते तरी का, हेसुद्धा बघून घेतलं. बादलीत टाकली. ती धड बुडाली नाही आणि धड तरंगलीही नाही, मधेच लटकत राहिली. मी बादलीकडे बघत ओलेती उभी, आणि बाहेरून सासूबाई, "अगं, दुसऱ्यांदा आंघोळ? बरं वाटत नाहीये का?"

"उकडतंय!" मी ओरडले.

"जानेवारीत?"

टॉवेलने पाहुणीला पुसलं, तिचं कापडी कव्हर वाळत टाकलं आणि तिथेच ठरवलं की आपण जायचं नाही. भांडण करायचं नाही, रडायचं नाही. शनिवारी निघायच्या सकाळी ताप येणार. तापाला कोण काय बोलणार? माझ्यासारखीला ताप आला तर कोणी वादच घालत नाही, घाबरतात. आणि एकदम खोटं वाटू नये म्हणून मी आठवड्याच्या सुरुवातीपासूनच अधूनमधून "डोकं जड आहे गं बाई" म्हणायला लागले.

बॅग मात्र भरत होते. दिवाणावर मोठी बॅग उघडी पडलेली, एक बाजू त्याची आणि एक माझी. त्याच्या बाजूला घाटकोपरहून आणलेले फुलाफुलांचे शर्ट, अर्ध्या चड्ड्या, पोहायचा चष्मा, सगळं घड्या घालून. माझ्या बाजूला टॉवेल. मेतकूट. लसणीची चटणी. उलटीच्या गोळ्या. उन्हाचं क्रीम, टोप्या, चार्जर, प्लास्टिकच्या पिशव्या, पुन्हा टॉवेल. बाजू गच्च भरलेली दिसत होती आणि त्यात माझा एकही कपडा नव्हता. नवऱ्याने विचारलं तर मी म्हटलं, "माझे इस्त्रीला गेलेत." त्याने पुढे विचारलं नाही. पुरुष बॅग भरलेली बघतात, काय भरलंय ते बघत नाहीत.

बुधवारपासून मी ऑफिसातून सुट्टीच टाकली होती. त्या सकाळी सासूबाई चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभ्या राहिल्या. बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "शनिवारी पूर्वेला दिशाशूल आहे."

"म्हणजे?" नवरा डबा भरून घेत होता.

"म्हणजे शनिवारी पूर्वेकडे निघू नये."

"आई, मग विमानवाल्यांना फोन करू का? म्हणावं, जरा पश्चिमेकडून न्या."

मला उगाच आशा वाटली. दिशाशूल! अरे, हे तर मला सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, "आई म्हणतात तर... मोठ्यांचं मन मोडून कशाला जायचं?" नवरा माझ्याकडे बघतच राहिला. एकादशीला खिचडी आवडते म्हणून उपास करणारी बाई मी.

सासूबाई म्हणाल्या, "मोडायचं काही कारण नाही. आज दिवस चांगला आहे. आज प्रस्थान ठेवू."

हा प्रकार मी लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी बघितला नव्हता. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एक वस्तू, सोबत सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ, असं गाठोडं बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग वाईट दिवशी नुसतं तिच्यामागून जायचं. सासूबाईंच्या माहेरी कोर्टाच्या तारखेला जातानाही ठेवायचे म्हणे. "एकच पथ्य," त्या म्हणाल्या, "ठेवलेलं गाठोडं परत घरात आणायचं नाही. निघतानाच उचलायचं."

नारळ नको, सुपारीवर भागवू, विमानात खोबरं चालत नाही, हेही त्यांनी कुठून तरी ऐकून ठेवलं होतं. मग मला म्हणाल्या, "तुझी एक वस्तू दे. जी तू नेणारच आहेस अशी."

माझं डोकं फिरलं होतं, आलेली आशा गेली होती. मी म्हटलं, "घ्या तुम्हाला हवं ते," आणि गॅसपाशी निघून गेले.

आमच्या घराच्या पूर्वेला समोरचंच दार येतं, काकूंचं. काकू अकोल्याकडच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. हॉलमध्ये बुद्धाची शांत मूर्ती, बाजूला पुस्तकांची दोन कपाटं. मी केमोहून यायचे त्या दिवशी न विचारता भाताची पेज पाठवायच्या. सासूबाई कापडी पिशवी घेऊन त्यांच्या दारात गेल्या तेव्हा मीही मागे होते.

"ताई," काकू म्हणाल्या, "मुहूर्त-बिहूर्त आमच्या आजोबांनीच सोडले. मी काही ते मानत नाही."

"मला माहितीय हो. पण पूर्वेला तुमचंच घर."

काकू हसल्या. "मुहूर्त नाही ठेवत मी. पण तुमची पिशवी ठेवते. द्या इकडे. आणि नियम सांगा, चूक नको व्हायला." सासूबाईंनी नियम सांगितले. काकूंनी ते वर्गात पाढे म्हणावेत तसे परत म्हणून दाखवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला औषधांच्या दुकानात जायचं होतं. पाहुणी काढायला गेले तर ती नाही. प्रवासासाठी म्हणून मी तिला एका नव्या निळ्या चेनवाल्या पाउचमध्ये घातलं होतं आणि पाउच बॅगेवर ठेवलं होतं. बॅग उपसली, टॉवेल झटकले, मेतकुटाची बरणी हलवून बघितली. तोंडचं पाणी पळालं माझ्या.

"आई, इथे निळं पाउच होतं!"

सासूबाई मेथी निवडत होत्या. "ते ना? ते प्रस्थानात गेलं."

"काय?"

"तूच म्हणालीस, घ्या हवं ते."

"आई, त्यात माझी ती आहे!"

"असू दे की. परवा समोर जायचं, घालायची आणि निघायचं. तोवर घरातच तर आहेस. काय आणायचंय? गोळ्या? तो आणेल येताना."

अंगाचा नुसता भडका उडाला. काय बाई आहे ही! लेकीसारखं वागवते म्हणून काय माझा अर्धा जीव सुपारीबरोबर बांधून शेजारी ठेवायचा? मी तणतणत समोर गेले. काकूंनी एका शब्दाने विचारलं नाही, कपाट उघडून पिशवी माझ्या हातात दिली. "घे बाई, तुझीच आहे."

मी वळले तर आमच्या दारात सासूबाई. हातात मेथीची जुडी तशीच. रागावलेल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा असा मी एकदाच बघितला होता, ऑपरेशनच्या दिवशी, मला आत नेताना. म्हणाल्या, "आत आणलीस तर निघणं मोडलं समज. बघ बाई. तुझी मर्जी."

मला मोडायचंच तर होतं! याच्यापेक्षा सोपं काय? दोन पावलं टाकायची आणि सुटायचं. पण पाय उचलेना. हिने दोन वर्षं माझ्या उलट्या काढल्या, केस गळले तेव्हा उशीवरचे केस मला दिसायच्या आत वेचून फेकले. आता हिच्या मनात अपशकुनाचा किडा सोडायचा? पुढची तपासणी तोंडावर आलेली. त्यात काही वाकडंतिकडं निघालं तर ही जन्मभर म्हणत बसेल की गाठोडं घरात आणलं म्हणून. मी पिशवी काकूंच्या हातात परत दिली आणि सासूबाईंच्या अंगावरून आत जाऊन दार आपटलं.

मग लक्षात आलं की तापाचीही वाट लागली. ताप येऊन राहिले तरी ती पिशवी कधीतरी घरातच येणार. मोडणं ते मोडणंच. जावंसं वाटत नाही आणि राहताही येत नाही. नवऱ्याचं आपलं चालूच, "तिकडे मोबाइलला रेंज येईल ना? माशांना पाव टाकतात का?" मी त्याला म्हटलं, "तुलाच टाकते माशांना." तो हसला. त्याला वाटलं मी मूडमध्ये आलेय.

शुक्रवारी संध्याकाळी बॅगेत माझे चार कपडे टाकले. निळा टी-शर्ट टाकला, काढला, परत टाकला.

शनिवारी सकाळी खाली टॅक्सी आली आणि मी समोर गेले. म्हटलं, आधी पाहुणी घालू, मग पुढचं बघू. काकूंच्या दाराला कुलूप.

बेल वाजवली. कुलूप दिसत असताना बेल वाजवणारी मी पहिलीच असेन. तेवढ्यात नवरा मोबाइल घेऊन आला. काकूंचा मेसेज होता. मरोळच्या त्यांच्या नातवाला ताप चढला, मुलगी कामावर, म्हणून त्या पहाटेच तिकडे गेल्या होत्या. पुढे लिहिलं होतं, "पिशवी माझ्यासोबत आहे. तुमच्या वाटेवरच मरोळ लागते. मी नाक्यावर उभी राहते. काळजी करू नये. पिशवी पूर्वेहून पश्चिमेला आली, ते तुमच्या सासूबाईंना सांगू नये."

"काय भारी बाई आहे!" नवरा म्हणाला. "चल."

"चल काय? मी अशी कशी जाऊ खाली?"

त्याला आत्ता समजलं. माझ्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं. "रुमाल... रुमाल घाल ना."

"रुमाल?"

"मग मोजे?"

त्याच्या बॅगेतल्या मोज्यांचा गोळा करून मी आरशासमोर उभी राहिले. लग्नाला निघालेल्या बाईने घाईत बटाटा लपवावा तसं दिसत होतं. काढून फेकला. दुसऱ्यांदा कोंबला, परत काढला. खालून टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, नवरा घड्याळ बघतोय, आणि मी रडायच्या बेतात. म्हटलं, "तू जा. मी नाही येत. खरंच नाही येत रे. लोक बघतील."

तो काही बोलायच्या आत सासूबाई वाटी घेऊन आल्या. माझा हात धरला, उलटा केला आणि तळव्यावर दही घातलं. हातावर दही असताना माणूस काय करणार? मी ते चाटलं. "आता मागे बघू नकोस," त्या म्हणाल्या, आणि मला पाठीवर हात ठेवून बाहेर काढलंच म्हणा ना.

लिफ्टमध्ये मी ओढणी तीनदा पसरली. पाठीवरची सॅक पुढे घेतली, पोटाशी धरली. खाली दार उघडलं. वॉचमन उभाच होता. मला वाटलं, आता सगळी सोसायटी गॅलरीत येणार. तो म्हणाला, "मॅडम, टाकी साफ करनेवाला कल आएगा, मालूम है ना?" आणि बॅग उचलून डिकीत टाकली. त्याने माझ्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला त्याचा रागच आला. दोन वर्षं मी मरमर मरतेय आणि याला टाकी!

मुलुंडहून पवई, पवईहून सीप्झ, सगळ्या रस्त्यात मी सॅक सोडली नाही. सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या रिक्षातला माणूस बघतोय असं वाटायचं. तो बिचारा नाकात बोट घालत असायचा. नवरा माझा हात धरून बसला. त्याचाही तळवा घामाने ओला होता.

मरोळ नाक्यावर काकू दिसल्या. साडी चुरगळलेली, केस तसेच विस्कटलेले, पहाटेपासूनची दगदग डोळ्यांत, आणि दोन्ही हातांनी ती कापडी पिशवी छातीशी धरलेली. मी काच खाली करायच्याऐवजी दारच उघडून उतरले. का उतरले माहीत नाही. सॅक सीटवर राहिली.

काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "अशीच आलीस?"

"हो."

"बरं." पिशवी हातात दिली. "मध्ये कुठे खाली नाही ठेवली हं. म्हणजे मी मानत नाही. पण नाही ठेवली."

नातवाला बरं आहे का हे विचारायचंही मला सुचलं नाही, गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं. गाडी निघाली तसा सासूबाईंचा फोन आला.

"मिळाली?"

"मिळाली. आई, एक सांगा. एवढ्या सामानातून तुम्हाला तीच सापडली? टॉवेल होते, टोपी होती, चटणी होती!"

"तेच तर होतं," त्या म्हणाल्या. "तुझी बाजू मी बघितली बुधवारी. सगळ्या घराचं सामान होतं, तुझं एक फडकं नव्हतं. मला तेव्हाच कळलं, ही येत नाही. डोकं जड म्हणे! तुझं डोकं जड असलं की तू चहा पीत नाहीस, आणि दिवसभर ढोसत होतीस."

मी पिशवीची गाठ चाचपली.

"टोपी ठेवली असती तर तू टोपी सोडून घरी बसली असतीस. तिला सोडून तू कुठे जातेस? म्हटलं, आधी तिलाच पाठवू. तिच्यामागे तर येशील." मग आवाज जरा चिरकला त्यांचा. "आजारातून उठवलं ते घरात कोंडून ठेवायला नाही गं. मला भीती वाटते तुझी. तू मरशील म्हणून वाटायची, ती आता कमी झाली. तू अशीच बसून राहशील, ही जात नाही."

मला त्या टॅक्सीत रडूच फुटलं. नवऱ्याने मोजे पुढे केले. खिशात तेच होते.

नाकडोळे पुसल्यावर म्हटलं, "आई, पण मी तिच्यामागे नाही आले. घरापासून इथपर्यंत तिच्याशिवायच आले."

"वॉचमनसमोरून?"

"हो."

"अगंबाई," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एअरपोर्टच्या बाथरूममध्ये मी पाहुणी लावली, खोटं कशाला बोलू. तपासणीच्या पडद्याआड त्या खाकीवाल्या बाईचा हात फिरला तेव्हा मी श्वास धरला होता. हात पुढे गेला. माझी भीती काही एका सकाळीत जाणारी नव्हती आणि अंदमानला उतरले तेव्हाही ती माझ्याबरोबरच उतरली. पहिल्या दिवशी मी किनाऱ्यावर टोपी घालून बसून राहिले. नवरा पाण्यातून हात हलवत राहिला, मी वाळूतून हलवत राहिले. पाणी व्हिडिओतल्यापेक्षा निळं होतं. मासे खरंच दिसत होते. मला इतका मत्सर कधी कोणाचा वाटला नव्हता, माशांचासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळा टी-शर्ट घालून किनाऱ्यावर गेले. पाहुणी लावलेली होती. पाण्याजवळ गेले, पायावर लाट आली, आणि मला तो मग आठवला, ती बादली आठवली. मागे फिरले. नवरा वाळूत बसला होता. त्याचा टॉवेल अंगाभोवती घेतला, आतल्या आत पाहुणी काढली, पाउचमध्ये घातली आणि त्याच्या हातात दिली. "सांभाळ."

"मी येतो ना बरोबर."

"नको. चपला कोण बघेल?"

पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. लाट आली, टी-शर्ट अंगाला चिकटला, जिथे चिकटायचा तिथे चिकटला आणि जिथे चिकटायला काही नव्हतं तिथेही. शेजारी एक बाई आपल्या पोराला ओरडत होती. तिने माझ्याकडे बघितलं. चक्क बघितलं, खाली वर. मग पुन्हा पोराला ओरडायला लागली. माझी छाती धडधडत होती, दोन्हीकडून सारखीच. मी डोकं पाण्याखाली घातलं.

बाहेर आले तर सासूबाईंचा फोन आला होता, नवऱ्याने माझ्या कानाला लावला.

"उतरलीस का पाण्यात?"

"उतरले, आई."

"आणि ती?"

मी नवऱ्याकडे बघितलं. पाय पसरून बसला होता, एका हाताशी आमच्या चपला, आणि मांडीवर ते निळं पाउच, उन्हाने तापू नये म्हणून टोपीखाली.

"ती तुमच्या लेकाच्या मांडीवर बसलीय."

"बसू दे," सासूबाई म्हणाल्या. "फार दमवलंय तिला. तू जा परत पाण्यात."